बागेतल्या बाईंचं हॉटपॉटचं आमंत्रण

आमंत्रण कागदावर आलं. बाबांनी ते जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली अर्धवट सरकवून ठेवलं होतं, म्हणजे मला दिसावं पण त्यांनी दिलं असं वाटू नये. वहीतून फाडलेला चौकडीचा कागद, निळ्या शाईतलं ठसठशीत इंग्रजी. 'माझ्या आईला तुमच्या वडिलांना आणि तुम्हाला शनिवारी दुपारी पॅरामॅटाला हॉटपॉट खायला न्यायचं आहे. आईचं म्हणणं आहे की मुलीने जरूर यावं.' खाली एक फोन नंबर.

मी तो कागद तीनदा वाचला. शेवटचं वाक्य मला अजिबात आवडलं नाही.

बाबा मे महिन्यात ठाण्याहून इकडे परदेशात आमच्याकडे आले होते, सहा महिन्यांसाठी. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर म्हणून उभी हयात काढलेला माणूस, वय चौऱ्याहत्तर, मधुमेह जुना. आम्ही वेंटवर्थव्हिलला राहतो, भारतीय दुकानांच्या मुख्य रस्त्यापासून दहा मिनिटांवर. नवरा वॉलॉंगॉंगला इंजिनीअर आहे, तो पहाटे साडेपाचला गाडी काढतो. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती, तिचं सकाळी स्विमिंग. मी पॅरामॅटाच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि माझी पहिली मीटिंग साडेसातला घरूनच असते. आमच्या घरातली सकाळ म्हणजे एकमेकांना धडकत पळणारी माणसं. बाबा या सगळ्यातून साडेसहालाच निसटायचे. कानटोपी घालून जवळच्या बागेत फिरायला जायचे आणि घर रिकामं झालं की परत यायचे. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. त्यामुळे ते तिथे नक्की काय करतात हे मी कधी विचारलं नाही.

संशयाची सुरुवात कपडे धुताना झाली. त्यांच्या पँटच्या खिशात गोळ्यांचे तीन कागद सापडले. चॉकलेटच्या गोळ्या असतात तसले, पांढरे, त्यावर लाल चिनी अक्षरं. आमच्या घरात बाबांसाठी चहासुद्धा बिनसाखरेचा होतो. मी कागद हातावर ठेवून त्यांच्यासमोर धरले.

"बाबा, हे काय?"

"बागेत पडले होते," ते म्हणाले. "कचरा दिसला म्हणून उचलले."

आयुष्यभर ते इतकं वाईट खोटं कधी बोलले नव्हते. त्या दिवसापासून माझं त्यांच्याकडे लक्ष लागलं. बाबा फिरायला जाण्यापूर्वी दाढी करू लागले होते. ठाण्यात ते दाढी अंघोळीच्या वेळी करायचे, दहा वाजता. मग एकदा त्यांच्या खोलीत झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा दिसला. तो आमचा नव्हता. आत पांढरा, फुगीर, वाफवलेला पाव होता, अर्धा खाल्लेला. मग एका संध्याकाळी ते माझ्या मुलीला विचारत होते की फोनमध्ये चिनी भाषेतून इंग्रजी कसं करतात.

मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं.

"ही'ज गॉट अ फ्रेंड, मॉम," ती म्हणाली. "चिल."

मी काही चिल झाले नाही. आमच्या मराठी ग्रुपवर आठवड्याला एक तरी मेसेज फिरत असतो: कुणाच्या सासऱ्यांना कुणी गोड बोलून कशावर सही करायला लावली, कुणाच्या आईला बागेत ओळख काढून कुणी फसवलं. एकटी, म्हातारी, नुकतीच आलेली माणसं शोधणारे लोक असतात म्हणे. बाबा तिन्हीत बसत होते.

एका बुधवारी मुलीला स्विमिंगला सोडून मी गाडी सरळ बागेकडे वळवली आणि कुंपणालगत उभी केली. बाबा झाडाखालच्या बाकावर बसले होते. शेजारी एक चिनी बाई होत्या, सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, जांभळं कापूस भरलेलं जाकीट, पायाशी चाकांची पिशवी. त्यांनी बाबांचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. दोघंही बोलत नव्हते. कितीतरी वेळ तसाच हात धरून बसल्या होत्या. मग त्यांनी पिशवीतून काहीतरी काढून दिलं, आणि बाबांनी ते मुकाट्याने सोलून तोंडात टाकलं.

मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिले. आई शेवटच्या आजारात असतानाही बाबांनी आमच्यादेखत तिचा हात धरला नव्हता. मी गाडीतून उतरले नाही. उतरून काय म्हणणार होते? त्या दिवशी माझी साडेसातची मीटिंग चुकली.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सरळ विचार ना त्यांना."

"काय विचारू? बाबा, तुमचं कुणाशी काही आहे का, असं?"

"असलं तर काय झालं?"

"ती त्यांना साखर खायला घालतेय," मी म्हणाले. तेवढं एक कारण मला मोठ्याने सांगता येण्यासारखं होतं.

आणि त्यानंतर चार दिवसांनी तो कागद आला. मी नंबरवर मेसेज केला. बाईंच्या मुलाचं लगेच उत्तर आलं: नो वरीज, साडेबाराचं टेबल सांगून ठेवलंय. शनिवारी निघण्यापूर्वी मी बाबांचा पासपोर्ट आणि बँकेचं कार्ड माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. नवऱ्याला म्हटलं, तू मुलीपाशी थांब. दोघांनी गप्पांत अडकण्यापेक्षा मी एकटीने नीट लक्ष ठेवलेलं बरं, असं मला वाटत होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि सिग्नलला एकदाच म्हणाले, "त्या बाई चांगल्या आहेत. तू जरा नीट बोल."

"मी कधी वाईट बोलते?" मी विचारलं.

रेस्टॉरंट पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यातच वास आला, आल्याचा, तेलाचा आणि आणखी कशाचा तरी, जो मला ओळखता येत नव्हता. काचा वाफेने धुरकट झालेल्या, खालून लाइट रेलच्या ट्रामची घंटा ऐकू यायची पण गाडी दिसायची नाही. प्रत्येक टेबलाच्या मध्यभागी खळगा करून शेगडी बसवलेली. बाई आधीच आल्या होत्या. जाकीट तेच जांभळं. आम्हाला बघून त्या उठल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून माझ्याकडे निरखून पाहिलं. शाळेत मूल काही करून बसलं की बाई पालकांकडे बघतात तसं. हसल्या नाहीत.

मुलगा पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पंजे केवढे तरी. इंग्रजी अगदी इथलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो म्हणाला. मला वाटलं होतं तो घरं विकत असेल नाहीतर पैसे गुंतवायला सांगत असेल. लिफ्टवाल्याला आमच्याकडून काय हवं असेल ते मला सुचेना, आणि सुचेना म्हणून संशय कमी झाला असं काही नाही.

मी बाबांच्या शेजारी बसायला गेले तर बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. बाबांना त्यांनी स्वतःच्या शेजारी बसवलं, मला समोर.

भांडं आलं. रुंद, उथळ पातेलं, मधोमध पत्र्याची वळणदार भिंत. एका बाजूला लालभडक रस्सा, वर अख्ख्या सुक्या मिरच्या तरंगत होत्या. दुसऱ्या बाजूला पांढरं सूप, त्यात आल्याच्या चकत्या, कांद्याची पात आणि खारकेसारखं काहीतरी. बाईंनी पातेलं स्वतः फिरवून पांढरी बाजू बाबांपुढे आणली. मग ताटल्या येऊ लागल्या. मागवून झालं होतं, आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं. मांसाचे कागदासारखे पातळ काप गुंडाळून ठेवलेले, कोलंबी, माशाचे गोळे, कमळकाकडीच्या जाळीदार चकत्या, तीन तऱ्हेची अळंबी, टोफू, पालकासारखी पण पालक नसलेली भाजी. आणि एका ताटलीत राखाडी, खरबरीत पट्ट्या.

मी मुलाला विचारणार होते हे काय आहे, तेवढ्यात बाबा वाकून म्हणाले, "अगं, ही वजडी." त्यांचा चेहरा खुलला. "तुझी आई साफ करायला बसली की तू शेजाऱ्यांकडे पळायचीस."

मी मुलाला इंग्रजीत सांगितलं की माझे वडील हे ओळखतात. त्याने आईला सांगितलं. बाईंनी बाबांच्या दंडावर थोपटलं. तेही मला आवडलं नाही.

सूप अजून उकळायचं होतं. बाईंनी वाटीभर भात आणि उकडलेलं अंडं मागवलं, बाबांसमोर ठेवलं आणि बोटाने दाखवलं: खा. आमच्या घरी बाबा सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत घासाला हात लावत नाहीत. तिथे मात्र त्यांनी निमूटपणे चमचा उचलला. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. मी हे सगळं मनात टिपत होते. आई असती तर काय म्हणाली असती, हेही.

सूप उकळलं. मुलाने मला दाखवलं कसं करायचं: काप चॉपस्टिकमध्ये धरून रश्शात बुडवायचा, दहा मोजायचे, काढायचा. कोलंबी जरा जास्त. गोळे तरंगून वर आले की झाले. जाळीचा एक छोटा झारा होता, तो बहुतेक माझ्यासारख्यांसाठी. बाबांना चॉपस्टिक येत होत्या. मी थक्क झाले. "कधी शिकलात?"

"बाकावर," ते म्हणाले. "काटक्यांनी. त्या शिकवतात."

मग त्यांनी हळूच लाल बाजूकडे हात नेला. बाईंनी आपल्या चॉपस्टिकने त्यांच्या चॉपस्टिकवर टिचकी मारली. बाबा हसले. ऐकू येईल असं, खांदे हलवून. ठाण्याहून आल्यापासून ते माझ्याकडे एकदाही असे हसले नव्हते. शेवटी बाईंनी चमच्याच्या टोकावर लाल रस्सा घेऊन त्यांना चाटायला दिला. बाबांनी डोळे मिटले.

"तिरफळ," ते म्हणाले. "बांगड्याच्या आमटीत घालतो ना आपण, तेच. जिभेला मुंग्या येतात बघ."

मीही चाखलं. खरंच तिरफळासारखं होतं. पण मी तसं कबूल केलं नाही.

मुलगा बोलका होता. बाबा मला विचारायचे आणि मी त्याला: लिफ्टला दोर किती असतात, एक तुटला तर काय होतं. तो कागदी रुमालावर चित्र काढून समजावत होता. मधेच त्याने सांगितलं की आई त्यांच्या घरामागच्या छोट्या घरात राहते, वडील जाऊन चार वर्षं झाली. मी मान डोलावली. विधवा, राहायला स्वतंत्र जागा. मग तो म्हणाला, "तुमचे वडील कधीपर्यंत आहेत इथे?"

"नोव्हेंबरपर्यंत."

"व्हिसा वाढवता येतो का?"

मी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "का?"

तो जरा गडबडला आणि त्याने आईकडे पाहिलं. बाई आता काहीतरी लांबलचक बोलू लागल्या. माझ्याशी नाही, बाबांशी. आवाज मोठा नव्हता, पण त्यात जरब होती. बाबांना एक शब्द कळत नव्हता, तरी त्यांनी मान खाली घातली. आमच्या मधे सूप खदखदत होतं.

मुलगा म्हणाला, "आई विचारतेय, तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं का?"

"काय सांगितलं?"

त्याने ते आईला सांगितलं असावं. बाईंनी नकारार्थी मान हलवत एक उसासा सोडला.

मी मराठीत म्हणाले, "बाबा, काय सांगायचं होतं मला?"

"घरी बोलू. आधी जेव."

"आत्ता सांगा."

"अगं, लोकांसमोर कशाला."

"यांना मराठी येत नाही. तुमचं आणि या बाईंचं काही ठरलंय का?"

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "काय ठरलंय?" त्यांनी विचारलं. आणि मग त्यांना कळलं. त्यांचे कान लाल झाले. "तुला वेड लागलंय," ते अगदी हळू म्हणाले. "माझी मुलगी आहेस ना तू?"

मला कुठे बघावं ते कळेना. मुलाने, काय चाललंय ते न कळून, आईची वाक्यं एकेक करून सांगायला सुरुवात केली होती.

आई म्हणते, पहिल्यांदा जूनमध्ये. तुमचे वडील वाटेवर चालता चालता खाली बसले. जून म्हणजे इथला हिवाळा, पण शर्ट घामाने भिजलेला. हात थरथरत होते. आईने घर कुठे विचारलं तर त्यांना सांगता येईना. आईला लगेच कळलं, कारण माझ्या वडिलांना असंच व्हायचं. साखर खाली जायची. तिने तोंडात गोड गोळी घातली, मग दुसरी. पंधरा मिनिटांत ते बरे झाले आणि त्यांनी हात जोडले. आईने फोनवर लिहून विचारलं, मधुमेह आहे का? ते हो म्हणाले. मुलीला सांगा, असं आईने लिहिलं. ते म्हणाले, उद्या सांगतो.

"दुसऱ्यांदा जुलैमध्ये," मुलगा म्हणाला. "तिसऱ्यांदा पंधरा दिवसांपूर्वी. तेव्हापासून आई रोज त्यांना बाकावर बसवून आधी नाडी बघते आणि पाव खायला लावते. आई म्हणते, मी डॉक्टर नाही, मला भीती वाटते. मी सुट्टीला गेले तर काय?"

मी बाबांकडे पाहिलं. ते रुमालावरचं लिफ्टचं चित्र बघत होते.

मला आधी राग आला. आभार वगैरे सुचायला खूप वेळ लागला. राग बाबांचा आला, आणि त्याहून जास्त त्या बाईंचा. मी मुलाला म्हणाले, "तीन वेळा झालं आणि मला कुणी कळवलं नाही? घर जवळ आहे आमचं. यायचं ना."

मुलाने आईला विचारलं नाही. त्याला उत्तर माहीत होतं. "आई आली होती," तो म्हणाला. "पहिल्या वेळेनंतर तुमच्या वडिलांना पोचवायला आली तेव्हा घर बघून ठेवलं होतं तिने. दोन दिवसांनी आली. तुम्ही फोनवर बोलत होतात. दार उघडून नो थँक्यू म्हणालात आणि लावून घेतलंत."

मला आठवलं. कानाला हेडफोन, पायरीवर पिशवी घेतलेली एक चिनी म्हातारी, हातात फोन पुढे धरलेला. मला वाटलं होतं धर्माची पत्रकं वाटणाऱ्यांपैकी असेल. तिने काय लिहून आणलं होतं ते मी वाचलंच नव्हतं.

बाईंनी शेगडीची आच कमी केली. कोलंबी तोपर्यंत शिजून घट्ट गोळा झाली होती.

"सांगा आता," मी बाबांना म्हणाले.

"सकाळी तुमची धावपळ असते," ते म्हणाले. "एवढासा ओटा. तिचा डबा, त्याचा डबा, तुझी ती मीटिंग. मी मधे उभा राहून काय पोहे करू? मधुमेहाची गोळी घेऊन निघायचो. आल्यावर खायचो."

"गोळी उपाशी पोटी घेऊन दोन तास चालायचात?"

"आधी काही झालं नव्हतं. ठाण्यात नाही झालं."

"ठाण्यात तुम्ही गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात खाता. आणि झालं तेव्हा तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू सुट्टी काढली असतीस," बाबा म्हणाले.

मी उठले. सॉस बनवायचा एक कट्टा होता कोपऱ्यात, तिथे जाऊन उभी राहिले. पंधरा-वीस वाडगे मांडलेले: तिळाचं वाटण, सोया सॉस, मिरचीचं तेल, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, दाण्याचा कूट, आणखी काय काय. मी वाटीत एकेक चमचा टाकत गेले, कशात काय ते न बघता. माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं आणि पाठ टेबलाकडे असावी एवढंच मला हवं होतं. शेजारी जांभळी बाही दिसली. बाईंनी माझ्या हातातली वाटी घेतली, आत बघितलं, तोंड वाकडं केलं आणि बाजूला ठेवून दिली. दुसरी घेतली. तिळाचं वाटण दोन चमचे, लसूण, थोडं व्हिनेगर, कोथिंबीर भरपूर, वरून मिरचीचं तेल चमचाभर. ती वाटी त्यांनी माझ्या हातात दिली आणि मला कोपराला धरून परत टेबलाकडे आणलं.

त्यानंतर आम्ही जेवलो. दुसरं काय करणार, समोर एवढं मांडलेलं होतं. मला वाटलं होतं घशाखाली काही उतरणार नाही, पण मांसाचा पहिला काप त्या वाटीत बुडवून खाल्ला आणि भूक लागल्याचं कळलं. सकाळपासून मी फक्त चहावर होते. मी लाल बाजूला बसले होते आणि आता मागे हटायचं नव्हतं. कमळकाकडी कुरकुरीत राहिलेली, छिद्रांत रस्सा साठलेला. टोफू स्पंजसारखा तिखट पिऊन बसायचा आणि तोंडात गेला की सगळं सोडायचा. वजडीही खाल्ली. ओठ बधिर झाले, नाक वाहू लागलं, मी एकामागून एक कागदी रुमाल संपवले. बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी मुलाला काहीतरी सांगितलं.

"आई म्हणते, तुम्ही आमच्यासारख्या खाता."

"आई म्हणते की तुम्हीच म्हणताय?" मी विचारलं.

तो हसला. "आई म्हणते. मला तिखट झेपत नाही." त्याची वाटी पांढऱ्या बाजूने भरत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी त्याला व्हिसाबद्दलही विचारून घेतलं. तो म्हणाला, आईला सकाळी बोलायला कुणी नसतं. तुमचे वडील गेले की ती पुन्हा घरात बसून राहील, म्हणून विचारलं. दोघं बोलत काय असतील, मी म्हणाले. त्यालाही ते माहीत नव्हतं.

शेवटी नूडल्स आल्या. तोपर्यंत पांढऱ्या सुपात सगळ्याचा अर्क उतरला होता. बाईंनी बाबांना अर्धीच वाटी दिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे, आणि मान हलवली. अर्धी पुरे. बाबांच्या लक्षात आलं की आता आम्ही दोघी आहोत, आणि ते त्यांना फारसं रुचलं नाही.

घरी येताना गाडीत मी त्यांना म्हणाले, "मघाशी मी जे बोलले, ते मनात ठेवू नका."

"काय बोललीस?" बाबा म्हणाले. त्यांनी ते तेवढ्यावरच सोडलं.

मंगळवारी मी सुट्टी काढून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने रक्त तपासलं, गोळी बदलली, वेळ बदलली आणि जेवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. बुधवारपासून बाबा सकाळी सव्वासहाला ओट्याशी. आम्ही खरंच एकमेकांना धडकलो. डब्यांची झाकणं हरवली, टोस्ट जळला, मुलगी म्हणाली, "आजोबा, यू'र इन द वे," आणि मी तिला रागावले, आणि बाबा म्हणाले, बरोबरच बोलतेय ती. दोन आठवड्यांनी जमलं. त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली, तिथे कुणाचं काही नसायचं.

पण माझा त्यांच्यावरचा विश्वास मात्र उडाला होता. "खाल्लं" म्हणाले तरी मी ताटली बघायची. खिसे तपासायची, रिकामे असले तरी का रिकामे आहेत असं वाटायचं. लिफ्टवाल्याला मी दर शुक्रवारी मेसेज करायची: आईला विचाराल का, या आठवड्यात काही झालं का? उत्तर यायचं: काही नाही, आई म्हणते ते जास्त हळू चालतात. एकदा बाबांच्या हाती माझा फोन लागला. "माझ्यामागे हेर लावलेस होय," ते म्हणाले. मी हो म्हणाले.

आम्ही त्या दोघांना घरी जेवायला बोलावलं. बाईंनी बांगड्याची आमटी तीन वेळा मागून घेतली आणि तिरफळं काढून, हुंगून, रुमालात बांधून नेली. नोव्हेंबरमध्ये बाबा परत गेले. जाण्याच्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे बागेत गेले होते. मी बरोबर गेले नाही आणि काय झालं ते विचारलंही नाही.

आता मी रोज ठाण्याला व्हिडिओ कॉल लावते, तिथल्या साडेसातला. "नाश्ता झाला?" मी विचारते. "झाला," ते म्हणतात. मी म्हणते, ताटली दाखवा. परवा त्यांनी फोन ताटलीवर धरला. पोहे होते, वर खोबरं, लिंबाची फोड.

"आजचेच आहेत ना?" मी विचारलं.

"कालचे असते तर पिवळे दिसले असते का एवढे?"

"एक घास खा. माझ्यासमोर."

त्यांनी खाल्ला. चघळताना ते कॅमेऱ्यात बघत राहिले, गिळलं, तोंड उघडून दाखवलं. तरी मी विचारलं, गोळी कधी घेतली.

"तू तुझ्या कामाला लाग," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.